शेतातली सुरी : चकाकी नको, पाणी दाखवा



कापसाची गाडी सरकारी खरेदी केंद्रावर लागली की पहिले काम कोणते होते? ओलावा मोजायचे यंत्र कापसात खुपसले जाते. ८ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भावात कपात आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी माघारी. धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये पाहतात, कवडी किती, पत्ती किती तेही पाहतात. ज्वारी नेली तर पावसाने काळा पडलेला दाणा तळहातावर घेऊन आपल्यालाच दाखवतात. आपण विकायला जातो तेव्हा समोरचा प्रत्येक गोष्ट मोजून घेतो. मोजावी, मोजण्याला आपली हरकत नाही.

हरकत आहे ती पुढच्या गोष्टीला. तोच शेतकरी त्याच पैशातून आठवडी बाजारात सुरी घ्यायला जातो. दुकानदार चकचकीत पाते उन्हात फिरवतो, "स्टेनलेस आहे, जन्मात गंजणार नाही" म्हणतो, आणि आपण खिशात हात घालतो. कोणते स्टेनलेस? किती कडक? पाते मुठीत कुठपर्यंत गेले आहे? एकही प्रश्न विचारत नाही. विकताना मिलिमीटरचा हिशेब देणारा माणूस घेताना चकाकीवर विश्वास ठेवतो.

सुरीसारख्या चिल्लर वस्तूवर पत्रकाची पाने कशाला घालवायची, असे काही जण म्हणतील. त्यांनी हिशेब करून पाहावा. ज्वारीची कणसे कापायला चार बाया लावल्या. धार गेलेल्या पात्याने कणीस कापले जात नाही, ओरबाडले जाते, दर कणसाला मनगटाने हिसका द्यावा लागतो. समजा, त्यापायी तासाला दहा मिनिटे वाया गेली. आठ तासांची ऐंशी मिनिटे, चौघींची तीनशे वीस. दिवसाला पाच तासांहून जास्त मजुरी बोथट पात्याने खाल्ली. मनगटाचे दुखणे यात धरलेलेच नाही, कारण ते ज्या बाईचे असते तिला आपण विचारत नाही. शिवाय बोथट पाते धारदार पात्यापेक्षा हात जास्त कापते. जोर जास्त लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात एकदा घसरला की मधे थांबत नाही.

फसगतीची सुरुवात आपल्या बोलण्यातच आहे. ताट, वाटी, तांब्या हे "स्टील". विळा, खुरपे, कुऱ्हाड हे "लोखंड". मग सुरी स्टीलची म्हटली की वरच्या जातीची आणि लोखंडाची म्हटली की हलकी, असे आपण न बोलता धरून चालतो. खरे पाहता लोहाराने केलेला चांगला विळा हासुद्धा पोलादाचा, म्हणजे स्टीलचाच असतो. लोखंडात थोडा कार्बन असला की पोलाद होते आणि त्या कार्बनमुळेच पाते कडक करता येते. त्यात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम घातले की ते स्टेनलेस होते. क्रोमियमचा डोळ्याला न दिसणारा पापुद्रा पात्यावर धरतो आणि आतल्या लोखंडाला हवा-पाणी लागू देत नाही. क्रोमियमचे काम गंज थोपवण्याचे, कार्बनचे काम धार धरण्याचे. दुकानदार पहिल्याचे नाव सांगतो आणि दुसऱ्याचे पैसे घेतो.

ही तक्रार आजची नाही, स्टेनलेसच्या जन्मापासूनची आहे. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावी हॅरी ब्रिअर्ली हा माणूस बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात त्यावर उपाय शोधत होता. त्याने सुमारे पावणेतेरा टक्के क्रोमियम आणि पाव टक्का कार्बन घालून पोलाद ओतले. ते आम्लाने खराब होत नाही असे दिसल्यावर याच्या सुऱ्या होतील असे त्याच्या मनात आले. शेफिल्ड हे सुऱ्या-कात्र्यांचेच गाव. तिथल्या कारागिरांनी नेहमीच्या पद्धतीने पाती करून पाहिली आणि ब्रिअर्लीची थट्टा सुरू झाली : हा न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा! पुढे त्याच गावातल्या एका कारखान्यात या पोलादाला किती तापवायचे आणि कसे थंड करायचे याची रीत बसवली गेली, तेव्हा कुठे सुऱ्या कापू लागल्या. पोलाद तेच होते, फरक पडला तो त्याला दिलेल्या पाण्याने.

आणि पाणी देणे ही काही शेफिल्डची मक्तेदारी नव्हती. नांदेडच्या पलीकडे, आज तेलंगणात असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तिथे मातीच्या बंद मुशीत पोलाद करत आणि ते न्यायला इराणचे व्यापारी येत. अशा भारतीय पोलादाला इंग्रज वुट्झ म्हणत. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या करणाऱ्या कारागिराबरोबर १८१९ ते १८२२ या काळात या वुट्झचा अभ्यास केला, आणि त्याच ओघात पोलादात क्रोमियमसुद्धा मिसळून पाहिले. आपल्याच शेजारच्या भट्टीने पडलेले हे कोडे होते. आज त्याच मुलखातला शेतकरी पात्यावर इंग्रजीत "स्टेनलेस" कोरलेले पाहून गप्प बसतो.

आता स्टेनलेसमध्येही जाती किती आहेत ते पाहू, कारण खरी मेख इथे आहे. ताट-वाट्यांचे चांगले स्टील ३०४ जातीचे असते. भांड्यावर १८/८ लिहिलेले असते ते हेच, १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. त्यात कार्बन नावालाच, ०.०८ टक्क्यांच्या आत. हे पत्र्यासाठी उत्तम, पण कितीही तापवून पाण्यात बुडवले तरी कडक होत नाही. याची सुरी केली तर ती न गंजता बोथट होईल आणि न गंजता बोथट राहील. ४२० नंबरचे पोलाद सुरीचे आहे. क्रोमियम १२ ते १४ टक्के, कार्बन कमी, गंजाला चांगले टिकते, धार मात्र लवकर पडते, पण लावायलाही सोपी. ४४०सी मध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास, धार पुष्कळ टिकते, पण घरच्या निसण्यावर लावताना घाम फुटतो. या दोहोंच्या मधले एक स्वीडनचे १२सी२७ आहे, कार्बन सुमारे ०.६ आणि क्रोमियम साडेतेरा टक्के. शेतात वापरायच्या सुरीला हा मधला मार्ग मला पटतो.

दुकानात नंबर कोणी सांगत नाही. मग जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक खिशात घेऊन जा. पात्याला चिकटले नाही तर ते ताट-वाट्यांच्या जातीचे आहे, ती सुरी तिथेच ठेवा. चिकटले म्हणजे चांगलेच असे मात्र समजू नका, कडक न होणारी स्टेनलेसची एक जात चुंबकाला चिकटते. त्यासाठी दुसरी परीक्षा कानशीची. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, बारीक कानस हलकेच फिरवा. कानस सहज चावून भुसा काढू लागली तर पाते मऊ. निसटती फिरली, जेमतेम ओरखडा उठला, तर पाण्याचे काम झालेले आहे. दुकानदार कानस लावू देणार नाही म्हणता? दहा सुऱ्या एकदम घेणाऱ्या दहा जणांना लावू देईल. कारखाने हा कडकपणा रॉकवेल या मापाने मोजतात. शेतातल्या सुरीला ५४ ते ५८ पुष्कळ झाले. त्याहून कडक पाते हुरड्याला आणि भाजीला छान, पण दगडावर किंवा वाळलेल्या धसकटावर बसले की धारेचा कपचा उडतो.

आता मूळ प्रश्न. कोरडवाहू शेतकऱ्याला स्टेनलेस हवेच कशाला?

गंज हा पाण्याचा, घामाचा आणि खताचा रोग आहे. आपल्याकडे मृगापासून सप्टेंबरपर्यंतचे दिवस सोडले तर हवा कोरडी. पाते पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवला तर साधे पोलाद वर्षानुवर्षे टिकते, आपल्या आज्यांच्या विळ्या पाहा. ज्वारीच्या ताटात आणि पात्यात वाळूच्या जातीचे सिलिका असते, ते कोणत्याही धारेला खातेच, स्टेनलेस असो की नसो. म्हणजे धार वारंवार लावावी लागणार हे ठरलेले. मग ज्याला धार पटकन लागते ते पाते सोयीचे. म्हणून माझे मत असे की चांगला लोहार हाताशी असेल तर कणसे कापणे, सुतळी तोडणे, काडी सोलणे या रोजच्या कामांना त्याने केलेली साध्या पोलादाची सुरी सरस.

लोहार काय करतो ते नीट पाहिलेले बरे. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा घेतो, त्यात अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो. घडवून झाल्यावर धारेची बाजू लाल करतो. लोखंड सुमारे ७७० अंशाला पोचले की त्याला चुंबक चिकटत नाही. त्याच्या थोडे वर नेऊन पाण्यात किंवा तेलात बुडवले की पाते काचेसारखे कडक होते. तसेच ठेवले तर पहिल्याच फटक्यात तुकडा पडेल. म्हणून पुन्हा हलके तापवून घासलेल्या जागेवर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढला की थांबायचे. निळा झाला म्हणजे धारेच्या मानाने जास्त उतरले. या सगळ्याला मिळून आपण पाणी देणे म्हणतो. पावसाळ्यापूर्वी गावाबाहेर बैलगाडी सोडून भाता लावणारे घिसाडी हे काम नुसत्या नजरेने करत आले आहेत. त्या नजरेची किंमत आपण कधी केली नाही, विळ्याच्या वजनाचे पैसे मोजले.

पण "चांगला लोहार" हे शब्द लिहायला सोपे आहेत. बलुते मोडले, अनेक गावांत भट्टी विझून वर्षे झाली. जो लोहार उरला तो वेल्डिंगच्या दुकानात खिडक्यांच्या जाळ्या करतो, आणि त्यात त्याला चार पैसे जास्त मिळतात, त्याला दोष कोण देणार? नजर नसलेल्या हाताने अंदाजाने दिलेले पाणी हे कारखान्यातल्या मोजून दिलेल्या पाण्यापेक्षा वाईटच. गावात जाणता लोहार नसेल तर उगाच जुन्याचे कौतुक करत बसू नये, नंबर असलेली कारखान्याची सुरी घ्यावी. मात्र एक ध्यानात ठेवा. स्टेनलेसला कडक करायला हजार अंशांच्या वर उष्णता लागते, ती मोजून आणि ठराविक वेळ द्यावी लागते. कोळशाच्या भट्टीवर ते साधत नाही. म्हणून धार टिकत नाही म्हणून स्टेनलेसचे पाते लोहाराकडे पाणी द्यायला नेऊ नका. उरलेसुरले पाणीही जाईल.

स्टेनलेसची खरी जागा कुठे? जिथे ओल आणि आंबट आहे तिथे. ज्याच्याकडे संत्र्याची, लिंबाची चार झाडे आहेत, जो दुधाच्या धंद्यात आहे, जो पावसाळ्यात ठिबकच्या नळ्या आणि पाइनाच्या दोऱ्या कापत चिखलात उभा असतो, ज्या बाईला शेतात कांदा आणि हिरवी मिरची चिरायची आहे, त्यांना स्टेनलेसच बरे. कांद्याला साध्या पोलादाचा काळा डाग आणि वास लागतो. पण स्टेनलेस म्हणजे अमरपट्टा नव्हे. मिठाने आणि पोटॅश खताने त्याच्यावरही सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. खताची गोणी फाडली की पाते धुवा, पुसा.

आता घडी न होणारी सुरी का, मिटणारा चाकू का नाही? मिटणारा खिशात राहतो हे खरे. पण त्याच्या सांध्यात माती आणि कापसाची तूस बसते, कळ नसलेला चाकू दाब उलटा पडला की बोटांवर मिटतो. बैल दाव्यात अडकून खाली पडला आहे, कासरा मानेला आवळत चालला आहे, एका हाताने शिंग धरले आहे. अशा वेळी चाकू उघडायला दुसरा हात कुठून आणायचा? म्यानातून एका हाताने निघणारी सुरीच तिथे कामाची.

घेताना मूठ आधी पाहा, पाते नंतर. पात्याचे शेपूट मुठीच्या टोकापर्यंत गेलेले असले आणि दोन-तीन रिबिटांनी पक्के केलेले असले तर निश्चिंत. बाजारात जड मुठीच्या सुऱ्या असतात, आत शेपूट दोन बोटेसुद्धा नसते. आमच्या बाजारात घेतलेल्या एका सुरीचे पाते अंबाडीच्या दुसऱ्याच पेंढीला मुठीतून सुटून आले, विकणारा पुढच्या बाजाराला दिसला नाही. "फर्स्ट ब्लड" हा सिनेमा १९८२ साली आला. त्यातल्या रॅम्बोच्या सुरीच्या नकला अजून जत्रेत मिळतात : मूठ पोकळ, टोपणात होकायंत्र, आत काडेपेटी, पाठीवर करवतीचे दात. मुठीशी पाते जिथे जोडलेले तिथेच ती मोडते. आणि बांधावर उभ्या शेतकऱ्याला होकायंत्र कशाला? त्याला दिशा माहीत असतात.

याच्या उलट स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या बघा. तिथे १८९१ पासून हा धंदा चालतो. पाते जेमतेम १० सेंटिमीटर, जाडी दोन-अडीच मिलिमीटर, मूठ साधी प्लास्टिकची. देखणी अजिबात नाही. सुतार, कोळी, शेतकरी, सैनिक सगळे तीच वापरतात. तीच सुरी साध्या पोलादातही मिळते आणि स्टेनलेसमध्येही, आणि कोणते पोलाद ते कारखाना सांगतो. शेपूट तिचेही बहुतेक नगांत मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, पण पाण्याचे आणि मुठीचे काम इतके चोख की कापण्याच्या कामाला ती पुरते. हातोड्याने ठोकून लाकूड फोडायचे तर पुरणार नाही. त्याला आपल्याकडे कुऱ्हाड आहे. ती सुरी मागवा असे मी सांगत नाही. एवढ्याशा पात्याचा नंबर सांगायला त्यांना जड जात नाही, तर इथल्या कारखान्याला का जावे, हा माझा प्रश्न आहे.

जाडीचा मोह सोडा. पाच मिलिमीटरचे पाते हातात घेतल्यावर दम वाटतो, पण ते कापत नाही, फाडते. अडीच-तीन मिलिमीटर भरपूर. मुठीला लाकूड असेल तर जवसाचे तेल मुरवा, ते वाळून कवच धरते. धार लावताना पाते उभे धरले तर ९० अंश, निम्मे कलवले तर ४५, त्याच्या निम्मे म्हणजे साधारण २२. तो कल शेवटपर्यंत बदलू नका. स्टेनलेसच्या धारेवर एक बारीक उलटी कोर राहते, बोटाला लागते. जुन्या चामडी पट्ट्यावर पाते उलट्या दिशेने दहा-वीस वेळा ओढले की ती जाते. चाकावर धार लावणाऱ्याला सांगा, पाणी मारत लाव. ठिणग्यांत धार निळी पडली की तेवढ्या भागाचे पाणी गेले. आणि चामड्याच्या म्यानात सुरी पावसाळाभर घालून ठेवू नका, चामडे ओल धरते.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. औषधाच्या डब्याचे सील ज्या सुरीने फोडले तिनेच दुपारी कांदा चिरणे हे अजून अनेक शेतांत चालते. पाते धुतले तरी लाकडी मुठीत औषध मुरते. औषधाची सुरी वेगळी ठेवा, तिच्या मुठीला लाल रंग फासा, आणि ती भाकरीच्या पिशवीत कधी घालू नका.

दुसरी गोष्ट सापाची. साप चावला की सुरीने तिथे चीर देऊन रक्त काढायचे, ही समजूत सोडून द्या. चिरेने विष निघत नाही. घोणस चावलेल्या माणसाचे रक्त गोठायचेच थांबते, त्याला चीर दिली तर ती वाहतच राहते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी लस दवाखान्यात असते. चावलेला हातपाय हलू न देता तिकडे न्या. सुरी त्या वेळी म्यानातच बरी.

कायद्याचेही सांगून ठेवतो, कारण आपल्या लोकांना पोलिसांशी गाठ वरचेवर पडते. १९५९ च्या शस्त्र कायद्याने केवळ घरकाम किंवा शेतीसाठी केलेल्या वस्तू शस्त्रांतून वगळल्या आहेत. २०१६ च्या नियमांत सुरीसाठी ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदी ही मर्यादा लिहिलेली आहे, शेतीच्या अवजारांना तिथेही सूट आहे. चार-पाच इंचांच्या सुरीला भ्यायचे कारण नाही. पण जिल्ह्यात पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) चा मनाई हुकूम लागलेला असताना ती कमरेला लावून मोर्चात येऊ नका. घरी ठेवा. एका सुरीपायी सगळ्या मोर्चाचे नाव खराब करायला टपलेले लोक कमी नाहीत.

राहता राहिला नंबरचा प्रश्न. बियाण्याच्या पिशवीवर उगवण किती टक्के हे छापावे लागते, कारण १९६६ च्या बियाणे कायद्याने ते बंधन घातले. स्टेनलेसच्या भांड्यांवर आयएसआय खूण सक्तीची करणारा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाचा दर्जा काय याची माहिती मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. सरकारने आणखी एक खाते काढून सुऱ्या तपासाव्यात असे मी म्हणणार नाही. त्या खात्याचा हप्ता शेवटी सुरीच्या किमतीत बसेल. मागणी आपण करायची, घेणाऱ्याने.

एकेका माणसाने विचारले तर दुकानदार हसतो. म्हणून गावातल्या दहा-पंधरा जणांनी दिवाळीनंतर, ज्वारी कापणीला येण्याच्या आत, एकत्र जावे. बायांना बरोबर न्या, मूठ त्यांच्या हातात बसते की नाही हे त्याच सांगतील. बाजारातल्या बहुतेक मुठी पुरुषी पंजाच्या मापाने केलेल्या असतात. चुंबक आणि कानस न्या. आणि बिल घेताना त्यावर दुकानाच्या शिक्क्यासह एवढे लिहून मागा : पोलादाचा नंबर, रॉकवेल कडकपणा, शेपूट पूर्ण की अर्धे, आणि पाते मुठीतून सुटल्यास सुरी बदलून देण्याची मुदत. लिहून देणार नाही म्हणाला तर शेजारच्या दुकानात जा.